संकासुर काळाच दिसायला हवा

कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकांचे फोटो हल्ली इतके उजळलेले असतात की नाटक रात्री दीड वाजता नव्हे, भर दुपारी झालं असावं असं वाटतं. मागच्या पडद्याची प्रत्येक सुरकुती दिसते, पडद्याआडून डोकावणाऱ्या पोराचा टी-शर्ट दिसतो, बाकड्याखालून गेलेली वायर दिसते. आणि संकासुर राखाडी. वेद पळवणारा, डोक्यापासून काळ्या पेहरावातला राक्षस तो, आणि फोटोत त्याच्या काळ्या कपड्यावर लाल-हिरवे-जांभळे ठिपके पसरलेले.

माझं पोट लग्नांच्या फोटोंवर चालतं. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, कधी सीमा ओलांडून गोव्यातही. पण कार्तिकात तुळशीची लग्नं उरकून जत्रा लागल्या की लग्नाचं काम नसेल त्या रात्री मी धयकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराला जाते. नाटक कंपनी मोचेमाडकर असो, पार्सेकर असो की वालावलकर. देऊळ सोनुर्लीचं असो नाहीतर कुठल्या आडवाडीतलं. पालखी फिरून आली, मृदुंगावर थाप पडली की माझं काम सुरू. पैसे कोणी देत नाही, चहा मात्र प्रत्येक जण देतो.

नवीन मुलं विचारतात, ‘ताई, प्रीसेट कुठला?’ म्हणजे एका क्लिकवर लागणारी तयार सेटिंग. प्रीसेट नाही. असता तरी चालला नसता, कारण आड दशावतारातल्या, म्हणजे सुरुवातीच्या भागातल्या गणपतीवर पडणारा उजेड आणि पहाटेच्या युद्धातल्या देवावर पडणारा उजेड यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. प्रीसेटपेक्षा आधी एक गोष्ट ठरवायला लागते: या फोटोत काय दिसायला हवं आहे, आणि काय अंधारातच राहू द्यायचं आहे. ते ठरलं की निम्मा नॉइज, म्हणजे फोटोतली खरखर, आपोआप जातो. कसा, ते पुढे सांगते.

त्याआधी आयएसओला दिलेली एक शिवी मागे घ्यायची आहे. आमच्या धंद्यात सगळे म्हणतात, ‘आयएसओ वाढवला म्हणून फोटो फाटला’, म्हणजे खरखरीत झाला. फोटो फाटतो तो उजेड कमी म्हणून. पाऊस सुरू होताना अंगणात ओळीने वाट्या मांडून ठेवल्या आणि दोन क्षणांत उचलल्या, तर एका वाटीत तीन थेंब असतात, शेजारच्या वाटीत सात. पाऊस सगळीकडे सारखाच पडत होता, तरी वाट्या सारख्या भरल्या नाहीत. तासभर ठेवल्या असत्या तर फरक कळलाही नसता. सेन्सरच्या पिक्सेलचं हेच आहे. एका पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडले तर त्यात साधारण १० ची वरखाली होते, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर वरखाली १०० ची, म्हणजे एकच टक्का. हलोजनसमोर उभ्या राजाच्या कपाळावर भरपूर कण पडतात, त्याच्या मागच्या काळ्या पडद्यावर मोजके. एकाच फोटोत कपाळ स्वच्छ आणि पडदा खरखरीत का दिसतो, त्याचं उत्तर एवढंच. आयएसओ हा नंतरचा आवाज वाढवणारा खटका. कण तो नवीन आणत नाही.

आता यातून निघणारी, लग्नवाल्या मित्रांना न पटणारी गोष्ट. मी दशावतार मुद्दाम अंडर, म्हणजे हवा त्यापेक्षा काळा काढते. कॅमेरा निकॉन डी७५० आहे, सेकंडहँड घेतलेला. मॉडेल २०१४ सालचं. लेन्स ५० आणि ८५, दोन्ही एफ/१.८ च्या. शटरची उघडझाप १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/२, आणि मीटर जिथे आयएसओ ६४०० मागतो तिथे मी १६०० वर थांबते. म्हणजे फोटो दोन स्टॉप काळा. एक स्टॉप म्हणजे निम्मं, दोन म्हणजे पाव. मागच्या स्क्रीनवर पाहिलं तर काहीच आलं नाही असं वाटतं, शेजारचा माणूस कीव करून बघतो.

कारण मुकुट. सोनेरी कागद, आरसे, टिकल्या, त्यावर दोन हलोजन. ६४०० ला चेहरा छान येतो आणि मुकुट पांढराफट्ट जळतो. जळलेलं परत येत नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही. दबलेलं मात्र येतं, आणि या सेन्सरवर ते जवळपास फुकटात येतं. जुन्या कित्येक कॅमेऱ्यांत सेन्सरनंतरच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची खरखर मोठी असायची. त्यामुळे कॅमेऱ्यातच आयएसओ वाढवून सिग्नल त्या खरखरीच्या वर उचलावा लागे. नंतर घरी एक्स्पोजर वाढवलं की सावल्यांत आडव्या-उभ्या पट्ट्या उमटत. डी७५० सारख्या सेन्सरमध्ये ती मागची खरखर इतकी कमी आहे की १६०० वर काढून घरी दोन स्टॉप उचललं काय आणि ६४०० वर काढलं काय, चेहऱ्याच्या नॉइजमध्ये फरक शोधावा लागतो. मुकुटाला मात्र दोन स्टॉपची मोकळीक मिळते. १४ बिटच्या रॉ, म्हणजे सेन्सरकडून आलेल्या कच्च्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. दोन स्टॉप अंडर म्हणजे त्यातल्या ४,०९६ वापरल्या. तरी पुष्कळ उरल्या. जेपेगमध्ये मुळात २५६ च असतात, म्हणून हा खेळ जेपेगवर खेळू नका. आणि आपल्या कॅमेऱ्याला हे जमतं का ते घरातच एक बल्ब लावून दोन्ही पद्धतींनी फोटो काढून तपासा. माझ्या एका मैत्रिणीचा जुना कॅनन आहे, त्यावर हे जमत नाही. ती ६४०० लाच काढते, आणि तिचं बरोबर आहे.

घरी आल्यावर पहिलं काम रंगाचं. पूर्वी दिवट्यांच्या उजेडात, मग गॅसबत्त्यांच्या उजेडात चालणारी ही नाटकं आता हलोजन आणि एलईडीच्या सरमिसळीत होतात. हलोजनचा उजेड पिवळा, त्यात निळा भाग फार थोडा. व्हाइट बॅलन्स नीट केला, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असं केलं, की सॉफ्टवेअर फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलपैकी निळ्याला दुपटीच्या आसपास गुणतं, आणि त्या चॅनलची खरखरही तेवढीच गुणली जाते. हलोजनखालच्या फोटोत सावल्यांमध्ये जे मोठे मोठे निळसर डाग येतात ते इथून. त्यात सेन्सरवरच्या जाळीत अर्धे पिक्सेल हिरव्याचे आणि लाल-निळ्याला पाव-पावच वाटा. निळा बिचारा सगळीकडूनच उपाशी.

म्हणून मी पिवळेपणा पूर्ण काढत नाही. व्हाइट बॅलन्सचा आकडा २९०० केल्व्हिनला ठेवला की पांढरं पांढरंच दिसतं, तो फोटो मी ३५०० च्या जवळ ठेवते. थोडा उबदार दिसतो, डोळ्यांनाही तिथे तसाच दिसला होता, आणि निळ्याची गुणाकारातून थोडी सुटका होते. ब्लॅक अँड व्हाइट करायचं असेल तर हे आणखी कामाला येतं: हलोजनखालचा फोटो लाल आणि हिरव्या चॅनलवर तोलायचा, निळ्याचा स्लायडर खाली. ‘पार’ म्हणतात त्या रंगमंचाच्या निळ्या एलईडी दिव्याखाली उलटं. तिथे निळा चॅनल भरून वाहतोय आणि लालमध्ये जवळपास काहीच नाही. देवी प्रकट होताना हटकून निळा लाइट मारतात, आणि निळा चॅनल जळाला की देवीच्या गालाचा सपाट जांभळा पत्रा होतो. असे फोटो रंगीत वाचत नाहीत. मी भांडत बसत नाही, ब्लॅक अँड व्हाइट करते, नाहीतर सोडून देते.

मग डीनॉइज, म्हणजे खरखर काढणं. रंगाचा नॉइज आणि उजेडाचा नॉइज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांना एकच औषध लागू नाही. रंगाचे ठिपके डोळ्याला खुपतात, आणि रंगाचे बारकावे डोळा फारसे धरत नाही, म्हणून रंग पुसला तरी नुकसान थोडं. लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर रॉ फाइलला मुळातच कलर २५ लावून देतं. दोन स्टॉप उचललेल्या फोटोला मी ते ३५-४० पर्यंत नेते. त्यापुढे गेलं की ओठांचा लाल रंग पांढऱ्या रंगभूषेत पाझरतो आणि मुकुटाच्या लहान टिकल्या करड्या पडतात. ल्युमिनन्स, म्हणजे उजेडाच्या नॉइजचा स्लायडर, मात्र हाताने लावायचा तर जपून. तिथे नॉइज आणि बारकावा एकाच जागी राहतात, एकाला काढताना दुसरा जातोच. लाइटरूम विकत घ्यायचं नसेल त्यांच्यासाठी डार्कटेबल आहे, पूर्ण मोफत. त्यातलं प्रोफाइल्ड डीनॉइज कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ ओळखून त्याप्रमाणे साफ करतं, आणि अंडर काढलेल्या फोटोत त्याचं बळ थोडं वाढवायचं एवढं लक्षात ठेवलं की झालं. शिकायला वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपवर मी बरेच दिवस तेच वापरलं.

आता एआय. डीएक्सओ आणि टोपाझ या कंपन्यांची नॉइज काढणारी साधनं आधीपासून होती. लाइटरूममध्ये एआय डीनॉइज एप्रिल २०२३ ला आलं, आणि आमच्याकडे दोन महिन्यांत जत्रेचे सगळे फोटो गुळगुळीत झाले. मी त्याच्या विरोधात नाही. १२,८०० च्या बरोबरीचा फोटो त्यातून असा निघतो की दहा वर्षांपूर्वी कोणी विश्वास ठेवला नसता. पण त्याला पाहिजे तेवढं काम करू दिलं तर तो रंगभूषा पुसून टाकतो. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो. देवळाच्या मागे, जमिनीवर मांडी घालून, हातात आरसा धरून. तो रंग सपाट नसतो. त्यात बोटाचे माग असतात, नाकाशेजारी घामाने फुटलेली रेघ असते, भुवईच्या कोरेवर काजळ जरा सुटलेलं असतं. एआयला हे सगळं नॉइज वाटतं.

आमच्याकडचे एक ज्येष्ठ नट, आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेले, त्यांना एका हौशी पोराने असाच साफ केलेला फोटो पाठवला होता. त्यांनी मला फोन पुढे करून दाखवला.

‘बघ गो बाय. ह्यो मी नाय.’

‘आबा, तुम्हीच आहात. लक्ष्मी झालाय.’

‘लक्ष्मी असात. पण माजो रंग खंय गेलो? दोन तास बसान लावलंय तो!’

फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. चेहरा मेणाचा, पापण्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, आणि मागे पडद्यावर कंपनीचं नाव होतं त्या देवनागरी अक्षरांच्या वेलांट्या एकमेकींत विरघळलेल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांच्या लुगड्यांची बारीक चौकट तर नाहीशीच झाली होती.

माझी रीत अशी: एआय डीनॉइज सगळ्यात आधी, मास्क (फोटोचा एखादाच भाग निवडून तेवढाच बदलणं) आणि इतर काही करायच्या आत, आणि मूळचा ५० चा आकडा खाली आणून २५ ते ३५. चेहरा शंभर टक्के मोठा करून बघते. नाकाशेजारची घामाची रेघ दिसते ना, मग पुढे. खोट्या दाढीचे केस सुटे दिसले पाहिजेत, एकच पुंजका झाला तर आकडा आणखी कमी. शेवटी थोडा ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे बारीक कण, परत टाकते, १५ च्या आसपास. आधी पुसायचा आणि मग पुन्हा टाकायचा हा वेडेपणा वाटेल. पण सेन्सरचा नॉइज रंगीत आणि सावल्यांत साठलेला असतो. हा ग्रेन एकरंगी, सगळीकडे सारखा पसरतो आणि चेहऱ्याचा मेणचटपणा मोडतो. शिवाय अगदी साफ काळ्या भागात जेपेग करताना ज्या पायऱ्या-पायऱ्या पडतात त्याही झाकल्या जातात.

आता अंधाराबद्दल, कारण खरं काम तिथे आहे. अंडर फोटो उघडला की हात पहिला शॅडोजच्या स्लायडरवर जातो. +१००. सगळं दिसायला लागतं, आणि ज्या सावल्यांत मुळात प्रकाशकणच नव्हते त्यांना आपण ओढून उजेडात आणतो. मग क्लॅरिटी, मग डीहेझ. उदबत्तीचा धूर काढायला म्हणून. दोन्ही नॉइजला धार लावतात. नंतर त्याच नॉइजवर डीनॉइज. आधी चिखल करायचा आणि मग पाय धुवायचे.

मी शॅडोजला हात लावत नाही. चेहरा, हात आणि मुकुटाचा खालचा भाग यांना मास्क, त्याला एक्स्पोजर दीड-पावणेदोन. बाकीच्या फोटोला अर्धा स्टॉप, कधी तेवढाही नाही. मग कर्व्हचा अगदी खालचा टप्पा दाबून धरायचा, इतका की मागचा पडदा पूर्ण काळ्यात जाईल. पूर्ण काळ्या पिक्सेलमध्ये नॉइज नसतो, कारण वरखाली व्हायला जागाच उरत नाही. सुरुवातीला निम्मा नॉइज आपोआप जातो म्हटलं ते हे. शार्पनिंगलाही मास्किंग ७०-८० ठेवते. ऑल्ट दाबून स्लायडर सरकवला की कुठे धार लागतेय ते पांढऱ्यात दिसतं. पडदा पूर्ण काळा दिसेपर्यंत सरकवायचा.

संकासुराच्या बाबतीत हे सगळं ताणलं जातं, कारण विषयच काळा आणि मागचा पडदाही काळा. दोघांना वेगळं करायला मी त्याला उजळवत नाही. त्याच्या खांद्याच्या कडेवर मागच्या हलोजनची एक रेघ पडते, ती शोधून तेवढीच ब्रशने उचलते. एक कड, हाताचे पंजे आणि तोंडाकडचा लाल रंग, एवढ्यावर तो उभा राहतो. बाकीचं प्रेक्षकांनाही त्या रात्री दिसलेलं नसतं. तो नाचत नाचत एकदम अंगावर येतो, पुढे बसलेली पोरं किंचाळून आईच्या पदरात शिरतात, ती तो अंगावर येण्याआधी नीट न दिसल्यामुळेच.

एलईडीच्या लुकलुकण्यावर मात्र एडिटिंगमध्ये इलाज नाही म्हणून थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. युद्धाच्या वेळी १/२५० लावलं की एका फोटोत पट्टा गडद, दुसऱ्यात रंग वेगळा. ग्रेडियंट लावून पट्टा झाकायचा प्रयत्न पुष्कळांनी केला आहे, सावल्यांतला नॉइज पट्टीपट्टीने वेगळा असल्याने तो उघडा पडतोच. १/१०० ला काढा, तलवार थोडी हलली तर हलू द्या. हललेली तलवार युद्धातच शोभते.

पहाटेचं वेगळंच. साडेसहाच्या सुमारास दहीहंडी फोडायच्या आधी आभाळ निळं व्हायला लागतं, आणि इतका वेळ उपाशी असलेल्या निळ्या चॅनलला एकदम पोटभर मिळतं. चेहरा हलोजनने नारिंगी, सावल्या आभाळाने निळ्या. हे फोटो मी जवळजवळ तसेच ठेवते. रात्रभर जागलेल्या नटाच्या डोळ्यांखाली रंग उतरलेला असतो तो या उजेडात सगळ्यात चांगला येतो, डीनॉइजची गरजही नसते.

पिक्सेल मोजत बसणाऱ्यांसाठी एक हिशेब. माझी फाइल ६०१६ पिक्सेल रुंद. फेसबुकसाठी ती २००० ला आणली की मूळचे साधारण नऊ पिक्सेल मिळून एक होतो, आणि नऊंची सरासरी म्हणजे नॉइज एक तृतीयांश. ज्या खरखरीवर तुम्ही शंभर टक्के झूम करून तासभर घालवला ती निम्म्याहून जास्त तिथेच विरते. म्हणून मी एडिट करताना खिडकीत दोन आकार ठेवते, आणि निर्णय लहान आकारावर घेते. शंभर टक्क्यांवर फक्त चेहरा तपासायचा.

नटांना फोटो व्हॉट्सॲपवर जातात, आणि ते बघितले जातात दुपारी, शेतात किंवा एसटीत, उन्हात. तिथे माझा काळाकुट्ट संकासुर म्हणजे नुसता काळा चौकोन. त्यांच्यासाठी वेगळी प्रत करते: मास्कच्या आतला भाग आणखी अर्धा स्टॉप वर, पडदा तिथेच. छापायची प्रत तिसरी. कागद आतून उजळत नाही, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर वाटणारा फोटो छापून काळा येतो. मॅट कागद तर सावल्या आणखी गिळतो. मी आधी तीच चौकट चार वेगवेगळ्या उजेडांवर एका छोट्या कागदावर छापून घेते आणि खिडकीजवळ धरून निवडते. आणि लॅबला फाइल देताना वर लिहून देते, ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’. नाहीतर तिथलं मशीन पुन्हा सगळं उजळून, बाकड्याखालची वायर दाखवून पाठवतं.